ऑइल बदलल्यापासून पिकअपचा मागील डिफरन्शियल वळताना थरथरतो. तो बदलावा का?

आपल्या २००६ च्या फोर्ड एफ-१५० चे मागील गिअर ऑइल बदलल्यापासून सावकाश वळताना मागून थरथर आणि कर्रकर्र येते, गॅरेजवाले संपूर्ण डिफरन्शियल (वळताना दोन्ही चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारा गिअरसंच) बदलायला सांगतात, तर तो बदलावा का आणि खर्च किती येईल, असे आपण विचारले आहे. आत्ता बदलू नका. त्या ऑइलमध्ये फ्रिक्शन मॉडिफायर (ऑइलमध्ये मिसळायचा, घर्षण बदलणारा द्रव) घातला होता का, एवढेच आधी गॅरेजला विचारा.

मी मिशिगनमध्ये राहतो आणि आमच्या एफ-१५० लाही नेमके हेच झाले होते. हिवाळ्यापूर्वी गिअर ऑइल बदलून घेतले आणि त्यानंतर पार्किंगमध्ये स्टिअरिंग पूर्ण वळवले की मागचा अ‍ॅक्सल हिसके देऊ लागला. ज्या गॅरेजने ऑइल बदलले होते त्यानेच डिफरन्शियल गेल्याचे सांगून मोठ्या रकमेचा अंदाज हाती ठेवला. वाहन उद्योगात नोकरी करणारा माझा एक मराठी मित्र तर चार लोकांसमोर म्हणाला की हे चाकाचे बेअरिंग आहे, आणि मॉडिफायर म्हणजे बाटलीत भरून विकलेली फसवणूक आहे. परंतु बेअरिंग खराब असेल तर आवाज सरळ रस्त्यावरही येतो, वेगाबरोबर वाढतो आणि गाडी किंचित डावी-उजवीकडे झुकवली की बदलतो. आमची गाडी सरळ रस्त्यावर पूर्ण शांत होती आणि फक्त सावकाश, तीव्र वळणावर, तीही थोडी चालून गरम झाल्यावर तक्रार करत होती. हे लक्षण क्लच प्लेटांचे आहे.

लिमिटेड स्लिप डिफरन्शियलमध्ये, म्हणजे एक चाक घसरले तरी दुसऱ्याला जोर देत राहणाऱ्या प्रकारात, पोलादी प्लेटा आणि घर्षण-प्लेटा एकाआड एक बसवलेल्या असतात आणि मधली स्प्रिंग त्यांना सतत दाबून धरते. वळताना बाहेरचे चाक आतल्या चाकापेक्षा जास्त फिरते, त्यामुळे प्लेटांना एकमेकींवरून घसरावेच लागते. साध्या ऑइलमध्ये त्यांचे स्थिर घर्षण गतिज घर्षणापेक्षा बरेच जास्त राहते, म्हणून त्या अडकतात, सुटतात आणि पुन्हा अडकतात. फळ्यावर उभा धरलेला खडू टक्‌टक्‌ उड्या मारत जातो, तसे. मॉडिफायर ही दोन घर्षणे एकमेकांच्या जवळ आणतो.

मी भरण्याच्या छिद्रातून थोडे ऑइल ओढून काढले, त्या जागी चार औंस मॉडिफायर घातला आणि रिकाम्या पार्किंगमध्ये सावकाश इंग्रजी आठाच्या आकारात गाडी फिरवत राहिलो, कारण मिश्रण प्लेटांच्या मध्ये शिरायला अशी वळणेच लागतात. थरथर कमी होत गेली आणि थांबली. मित्राने मात्र ती ‘आपोआप’ गेल्याचे सांगितले आणि आजही तो तेच सांगतो. ऑइलशिवाय गाडीत काहीही बदललेले नसताना दोष ऑइल बदलल्यावर सुरू होतो आणि मॉडिफायर घातल्यावर जातो, तेव्हा त्याला ‘आपोआप’ म्हणणे अभियंत्याला शोभत नाही.

तरीही आपल्या गाडीत लिमिटेड स्लिप आहे याची खात्री आधी करा. चालकाच्या दाराच्या चौकटीवरील स्टिकरवर अ‍ॅक्सलचा कोड असतो. ‘एच९’ म्हणजे ३.५५ गुणोत्तराचा लिमिटेड स्लिप, तर ‘१९’ म्हणजे त्याच गुणोत्तराचा साधा. स्टिकर पुसलेले असल्यास पुढची चाके अडवून मागील दोन्ही चाके स्टँडवर उचला, गिअर न्यूट्रलमध्ये ठेवा आणि एक चाक हाताने फिरवा. दुसरे त्याच दिशेने फिरले तर प्लेटा पकडत आहेत. उलट फिरले तर डिफरन्शियल साधा आहे किंवा प्लेटा झिजल्या आहेत, आणि झिजलेल्या प्लेटांना कोणतीही बाटली वाचवत नाही. तशा वेळीही संपूर्ण डिफरन्शियल नव्हे, आधी क्लच प्लेटांचा संच बदलण्याचा विचार करावा. झाकण उघडलेच तर आतला गाळ पाहा: बारीक करडी पेस्ट चालते, धातूचे तुकडे चालत नाहीत, आणि तुकडे दिसले तर गॅरेजवाल्यांचे म्हणणे मान्य करावे लागेल.

काही सिंथेटिक गिअर ऑइलमध्ये मॉडिफायर आधीच मिसळलेला असतो, हे मित्राच्या बाजूने मान्य करायला हवे. डब्यावर तसे लिहिलेले असते, ते वाचूनच बाटली घ्या, कारण मॉडिफायर जास्त झाला तर प्लेटांची पकड सुटते आणि बर्फात एकच चाक फिरत राहते. शेवर्ले सिल्व्हराडो पिकअपच्या जी-८० डिफरन्शियलला हा सल्ला लावू नका. तो ईटन कंपनीचा यांत्रिक लॉकर (दोन्ही चाके एकत्र जखडणारा) आहे आणि त्यात मॉडिफायर घालू नये, असे जनरल मोटर्सच सांगते. शिवाय मागील दोन्ही टायर एकाच मापाचे आणि सारख्या झिजेचे ठेवा, नाहीतर सरळ रस्त्यावरही प्लेटा घासत राहतील आणि दुरुस्ती टिकणार नाही.