जर्मनीत वर्षभर स्वयंसेवक: बावड्याच्या भावाला उत्तर

तू विचारलंयस, बीएस्सी झाल्यावर जर्मनीतल्या वृद्धाश्रमात वर्षभर स्वयंसेवक म्हणून यावं का, मन रमेल का, पैसे पुरतील का. शिवाय 2019 च्या कोल्हापूरच्या पुरात मंडळाच्या पोरांबरोबर राबलायस, त्यामुळं कामाची भीती नाही म्हणतोस.

भावा, भीती कामाची नसतेच. पुरात भाकरी वाटताना तुला कुणी सर्टिफिकेट मागितलं नाही. इथं पहिले दोन महिने मी टॉवेलच्या घड्या घातल्या, ताटं लावली आणि कुणी किती पाणी प्यालं ते मिलिलिटरमध्ये लिहिलं. गोळ्यांना हात लावायचा नाही, ते नर्सचं काम. राजारामपुरीत कुणाचं काय अडलं की आम्ही न विचारता आत शिरणारी माणसं. इथं आधी दार वाजवायचं आणि बाहेर थांबायचं. मला सगळ्यात जास्त वैताग याचाच आला.

मग भाषा. पुण्याला राहून जर्मनची बी-वन, म्हणजे मधल्या पातळीची परीक्षा पास झाले होते, त्याचा जरा तोराच होता. तीन लिंगं आपल्याला नवी नाहीत, पण चमचा तो, काटा ती आणि सुरी ते, हा कुठला हिशेब? त्यात मी 'येतो, जातो' म्हणत वाढलेली कोल्हापूरची पोरगी! आणि माझा वृद्धाश्रम ड्रेस्डेनजवळ, म्हणजे बोली सॅक्सन. एका आजींना रोज विचारायचे, कॉफी देऊ? त्या म्हणायच्या, "नू." मी कप उचलून पुढं. चौथ्या दिवशी नर्सनं माझा पाण्याचा कागद बघितला आणि ओरडली, सकाळपासून यांच्या पोटात काहीच कसं नाही? मी म्हटलं, त्या नकोच म्हणतात. ती कपाळाला हात लावून हसत सुटली. इकडं 'नू' म्हणजे हो!

आजींना हे कळल्यावर त्यांनी विचारलं, तुमच्यात हो ला काय म्हणतात? मी सांगितलं, "व्हय." दुसऱ्या दिवसापासून कॉफी विचारली की ठसक्यात "व्हय!" उत्तर यायचं. मागच्या टेबलावरचे आजोबाही मग तेच म्हणायला लागले. तिथं कुणी आभाराची भाषणं करत नाही. मला वर्षभरात मिळालं ते एवढंच, पण मी अजून इथंच आहे, आता नर्सिंगचं तीन वर्षांचं शिक्षण घेतेय.

एक गोष्ट मात्र डोक्यात पक्की ठेव. 2011 पर्यंत इथं सक्तीची लष्करी भरती होती आणि बंदूक नको म्हणणारी पोरं वृद्धाश्रमांत, दवाखान्यांत काम करायची. भरती थांबली, ते हात गेले, म्हणून सरकारनं स्वयंसेवकांची योजना आणली. म्हणजे तू यायचास ते जग बदलायला नाही, कमी पडणाऱ्या हातांत एक हात म्हणून. हे आधी कळलं असतं तर माझे पहिले दोन महिने बरे गेले असते.

पैशाचं म्हणशील तर हा पगार नव्हे, हातखर्च. मला महिन्याला 400 युरो आणि राहायला खोली मिळायची. आकडा संस्थेगणिक वेगळा, तो करारात बघ. आरोग्य विम्याचे पैसे संस्था भरते. सत्तावीसच्या आतला असशील तर वर्षात 25 दिवस सेमिनारला जावं लागतं. ते चुकवू नकोस, माझ्या सगळ्या मैत्रिणी तिथल्याच. रविवारी दुकानं बंद, तेव्हा शनिवारीच दूध आण. डिसेंबरात चार वाजता अंधार पडतो, त्याची तयारी कशी करायची ते मला अजून जमलेलं नाही.

एजंट लाखभर मागत असेल तर आधी विचार, करार कुठल्या संस्थेशी आणि त्यावर सही कुणाची? उत्तर द्यायला अडखळला तर उठून ये. आणि व्हिसा झाला की कळव, घरचा कांदा-लसूण मसाला तुझ्याबरोबर मागवायचाय. डब्याला दोन पिशव्या घाल, मागच्या वेळी माझे सगळे स्वेटर तांबडे झाले.