इंजिन बंद, खाली समुद्र

प्रश्न : समुद्रावर छोट्या विमानाचं इंजिन बंद पडलं तर ते दगडासारखं खाली येतं का? आणि लाइफ जॅकेट विमानातच का फुगवायचं नाही?

उत्तर : इंजिन गेलं तरी पंख जागेवरच असतात की! सेसना १७२ हे चार आसनांचं छोटं विमान घ्या. वेग साधारण ६५ ते ६८ नॉट (ताशी १२०-१२५ किलोमीटर) धरला, तर वारा नसताना ५,००० फुटांवरून ते तेरा-एक किलोमीटर तरंगत जातं. हाताशी सहा-सात मिनिटं मिळतात. विमान चालवायला शिकणारे माझे विद्यार्थी आधी रेडिओकडे धावायचे, मी हात मागे ओढायचो. आधी वेग, मग इंधनाची टाकी बदलून पाहा, कार्ब्युरेटर हीट लावा, म्हणजे हवा आणि इंधन मिसळणाऱ्या भागाला गरम हवा द्या. तिथे बर्फ धरला असेल तर इंजिन पुन्हा सुरूही होऊ शकतं. मेडे, म्हणजे रेडिओवरची संकटाची हाक, त्यानंतर.

उतरायचं लाटांना समांतर, लाटेच्या तोंडावर नाही. पाण्याला टेकण्याआधी दार किलकिलं करून फटीत बूट खुपसा. सांगाडा वाकला की दार अडकतं. चाकं आत न जाणारी विमानं पुष्कळदा पालथी होतात, म्हणून हिसके थांबेपर्यंत पट्टा सोडू नका आणि एक हात दाराच्या कडेवर ठेवा. अंधारात, उलटं लटकताना दिशा तोच सांगतो.

जॅकेटचं म्हणाल तर केबिनमध्ये पाणी भरलं की फुगलेलं जॅकेट तुम्हाला वर दाबून धरतं, बुडी मारून दार गाठता येत नाही. १९९६ मध्ये हिंदी महासागरातल्या कोमोरोज बेटांजवळ इथिओपियन एअरलाइन्सचं अपहृत विमान पाण्यात कोसळलं, तेव्हा अनेक प्रवासी असेच अडकून गेले. बाहेर पडा, मगच जॅकेट फुगवणारी दोरी ओढा.