केस हातात येण्याआधीचे महिने

प्रश्न: जीवरसायनशास्त्रात एम.एस्सी. करून न्यायवैद्यक प्रयोगशाळेच्या जीवशास्त्र विभागात माझी निवड झाली आहे. पुढच्या महिन्यात रुजू होईन. बरेच महिने केस हातात देत नाहीत, असं ऐकलं. मग तोवर काय करायचं? आत्ता डीएनएची पुस्तकं पुन्हा वाचू का?

उत्तर: पुस्तकं चाळा, पण त्यात महिना घालवू नका. नवे लोक अडतात ते नोंदींपाशी. कॉलेजात प्रयोग आधी होतो, जर्नल नंतर भरतात, तेही बऱ्याचदा मैत्रिणीचं बघून. ही सवय आत्ताच मोडा.

पुराव्याचं पाकीट समोर आलं की कात्री उचलण्याआधी सील शाबूत आहे का, वर्णन सोबतच्या पत्राशी जुळतं का, हे लिहायचं आणि फोटो काढायचा. कापायचं ते जुनं सील सोडून दुसऱ्या जागी, कारण कोर्टात कुणी विचारलं तर ते जसंच्या तसं दाखवता आलं पाहिजे. काम झालं की नव्या कापावर टेप लावायची. सही आणि तारीख अर्धी टेपवर, अर्धी कागदावर. चूक झाली तर एकच आडवी रेघ, खालचं वाचता येईल अशी, शेजारी आद्याक्षरं आणि तारीख. व्हाइटनर, पेन्सिल, सुटे चिठोरे बाद.

लिहिण्याचा एवढा आग्रह का, ते रक्ताच्या प्राथमिक चाचणीत दिसतं. डागावर फिरवलेल्या स्वॅबवर आधी अल्कोहोलचा थेंब, मग फिनॉल्फ्थॅलिनचं रंगहीन द्रावण. इथे क्षणभर थांबायचं. मग हायड्रोजन पेरॉक्साइड. त्यानंतर काही सेकंदांत गुलाबी झालं तर चाचणी सकारात्मक. पेरॉक्साइड घालण्याआधीच गुलाबी झालं तर रक्ताचा निष्कर्ष काढता येत नाही. ब्लीचसारखं ऑक्सिडीकारक तिथे असू शकतं. आणि स्वॅब तसाच पडू दिला, तर हवेनेही थोड्या वेळात गुलाबी होतो. म्हणजे ‘गुलाबी’ एवढं लिहून काही कळत नाही. कोणत्या थेंबानंतर आणि किती सेकंदांत, हेही हवं. शिवाय काही वनस्पतींतली एन्झाइमंही असाच रंग देतात, म्हणून अहवालात ‘रक्त असण्याची शक्यता’ इतकंच. ते माणसाचं की जनावराचं, ही पुढची चाचणी.

टेबल पुसायलाही ब्लीचच वापरतात, साधारण दहा टक्के, रोज ताजं केलेलं. नुसत्या स्पिरिटने डीएनए नष्ट होत नाही. पण ब्लीच नंतर पाण्याने नीट पुसलं नाही, तर वरची चाचणी तुम्हीच बिघडवाल.

रुजू होताच तुमच्या गालाच्या आतला नमुना घेतील. अविश्वास म्हणून नव्हे, तर तुमचा डीएनए केसमध्ये आला तर ओळखता यावा म्हणून. २००७ मध्ये जर्मनीतल्या हाइलब्रॉन शहरात एका महिला पोलिसाचा खून झाला. तिथे सापडलेला एका अनोळखी बाईचा डीएनए इतर अनेक गुन्ह्यांतही मिळाला होता. २००९ मध्ये उलगडा झाला: तो स्वॅबच्या उत्पादनात काम करणाऱ्या बाईचा होता. स्वॅब निर्जंतुक होते, पण निर्जंतुक म्हणजे डीएनएमुक्त नव्हे. म्हणून प्रत्येक बॅचसोबत नमुना नसलेली एक नळी चालवतात. त्यात काही दिसलं तर बॅच थांबवून वरिष्ठांना त्याच दिवशी सांगा. लपवलेली चूक पुढे उलटतपासणीत निघते, आणि तेव्हा तुमच्या जुन्या केसेसही उकरल्या जातात.

केस मिळण्याआधी माहीत असलेले नमुने, मग उत्तर फक्त प्रशिक्षकाला ठाऊक असलेले नमुने, तोंडी प्रश्न आणि बहुधा नकली कोर्ट, असा क्रम असतो. परवानगीही एकेका चाचणीपुरतीच मिळते. या महिन्यात एवढं करा: घरातलं कोणतंही काम, अगदी चहासुद्धा, करता करता मापं आणि वेळांसह लिहा. तो कागद दुसऱ्याला द्या आणि काही न सांगता त्याला तेच काम करू द्या. तो जिथे थांबून तुम्हाला विचारेल, तिथे तुमची नोंद कमी पडली आहे.