सेल्समनचा पगार कापण्याआधी एक दिवस त्याच्या बीटवर जा

तुमचा प्रश्न वाचला. फरसाण-बिस्किटांची डिस्ट्रिब्युटरशिप, सहा सेल्समन. दोघं रोज उशिरा येतात, एकजण दुकानात न जाताच ॲपवर ‘दुकान बंद’ टाकतो, आणि सगळ्यांचा माल महिन्याच्या शेवटच्या चार दिवसांत निघतो. बोललं की तोंड पाडून बसतात, नाही बोललं की डोक्यावर बसतात. पगार कापू का, असं विचारलंय.

सांगली भागात एकवीस वर्षं मी हाच धंदा करतोय, आधी साबण-पावडर, आता खाद्यतेल. दंडाचा प्रयोग करून झालाय, म्हणून सांगतो. गैरहजर दिवसाचा पगार कापणं वेगळं आणि दंड लावणं वेगळं. दंडाला कायद्याने मर्यादा आहे: महिन्याच्या पगाराच्या ३ टक्क्यांपेक्षा जास्त नाही, आणि त्याआधी माणसाला त्याची बाजू मांडू द्यावी लागते. १९३६ च्या वेतन प्रदान कायद्यात हे होतं, २०१९ च्या वेतन संहितेतही आहे. म्हणजे पंधरा हजार पगाराला फार तर साडेचारशे. तेवढ्यासाठी तो महिनाभर तुमच्याबद्दल प्रत्येक गल्ल्यावर काय बोलेल, त्याचा हिशोब करा.

‘दुकान बंद’वाल्या मुलाबद्दल मात्र सविस्तर लिहितो, कारण तिथे मी स्वतः तोंडावर आपटलोय.

माझ्याकडे असाच एकजण होता. पायाला भिंगरी, बोलायला गोड. पण मंगळवारच्या बीटवर, म्हणजे त्या दिवशीच्या ठरलेल्या दुकानांच्या फेरीत, चाळीस दुकानांपैकी पंधरा-वीस दर आठवड्याला ‘बंद’. एकदा सकाळच्या मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर मी म्हणालो, “काय रे, त्या गावात दर मंगळवारी सुतक असतं का?” सगळे हसले, तोही हसला. पुढच्या मंगळवारी एकही दुकान बंद नाही! सगळीकडे ‘भेट दिली, माल शिल्लक आहे’. ऑर्डरी तेवढ्याच. माझ्या विनोदाने तो सुधारला नव्हता, खोटं जरा नीट लिहायला शिकला होता.

मग एका मंगळवारी त्याच्याच गाडीवर मागे बसून गेलो. गावात शिरलो तर रस्ता दोन्ही बाजूंनी पालांनी भरलेला. आठवडी बाजार! दुकानासमोर वाड्यावस्त्यांवरच्या गिऱ्हाइकांची ही गर्दी, दुकानदाराच्या एका हातात माप, दुसऱ्या हातात पिशवी. आमच्याकडे मान वर करून न बघताच तो म्हणाला, “बाजारादिवशी कुठं येतायसा, उद्या या की.” चार दुकानांत हेच ऐकलं. त्या गावाला मंगळवार कुणी दिला होता? मीच, ऑफिसात बसून, रस्ता सोयीचा पडतो म्हणून. पोराने पहिल्या महिन्यात मला सांगितलंही होतं म्हणे. मी ‘कारणं सांगू नको’ म्हणालो होतो.

मंगळवार-शुक्रवारची बीटं अदलाबदल केली. आणि ज्या मीटिंगमध्ये हसलो होतो तिथेच ‘चूक माझी होती’ हे सांगितलं. जड गेलं, पण सांगितलं. दोनेक महिन्यांत ‘बंद’चा आकडा तीन-चारवर आला. उशिरा येणं मात्र चालूच राहिलं. त्यासाठी त्याला वेगळं बोललो, एकट्याला, त्याच दिवशी, फक्त तेवढ्याच विषयावर.

तेव्हापासून मी एक ठरवलं: त्याच्या हातात जे आहे, त्याच्यासाठीच रागवायचं. वेळेवर येणं, दुकानात प्रत्यक्ष जाणं, खरं लिहिणं, वसुली त्याच दिवशी जमा करणं. विक्रीचा आकडा पूर्णपणे त्याच्या हातात नसतो. आकडा कमी आला तर बीटची वही उघडून दोघांनी शेजारी बसायचं. व्हॉट्सॲप ग्रुपवर रोज संध्याकाळी पहिला-शेवटचा नंबर लावता का? लावत असाल तर बंद करा. शेवटून दुसरा खूश होतो, बाकी काही होत नाही. दुकानदारासमोर तर कधीच बोलू नका, पुढच्या आठवड्यात त्याला त्याच काउंटरवर उभं राहायचंय.

शेवटच्या चार दिवसांचं दुखणं बहुतेक तुमच्या इन्सेंटिव्हमध्ये आहे. १०० टक्के टार्गेट झालं तरच पैसे, अशी स्कीम असेल तर २५ तारखेला ८५ टक्क्यांवर असलेला माणूस विचार करतो, आता पोचत नाही, हातातल्या ऑर्डरी १ तारखेला टाकू. आणि ९५ वरचा ओळखीच्या दुकानात माल कोंबतो, तो पुढच्या महिन्यात परत येतो. यात शिस्तीचा प्रश्नच नाही, दोघंही गणित बरोबर करतायत. मी ८०, ९० आणि १०० असे टप्पे केले, थोडा भाग किती दुकानांत बिल झालं त्यावर ठेवला, आणि परत आलेला माल वजा करायला लागलो. मंथ-एंडची धावपळ संपली नाही, निम्मी झाली.

अजून एक, रागावू नका. दुकानदार थेट तुम्हाला फोन करतो आणि तुम्ही दोन टक्के जास्त सोडता, असं होतं का? आमच्यात सगळेच करतात. दुसऱ्या दिवशी दुकानदार त्या पोराला म्हणतो, ‘तू राहू दे, मी शेठशी बोलतो.’ मग तो ऑर्डर घ्यायला कशाला थांबेल? हल्ली मी फोनवर एवढंच म्हणतो, ‘आमचा माणूस येईल, त्याला सांगा, तो देईल.’ आणि ते दोन टक्के त्याच्या हातून देतो.

पैशाच्या बाबतीत मात्र मऊपणा नको. आजची वसुली कालच्या पार्टीच्या नावावर जमा, कालची खिशात, हे फिरवणं सुरू झालं की कारण कितीही खरं असो, वसुलीचं काम त्याच दिवशी त्याच्याकडून काढून घ्या. दर शनिवारी कुठल्याही पाच दुकानदारांना स्वतः फोन करून बाकी विचारा, आणि हे करणार आहे हे सहाही जणांना आधीच सांगून ठेवा. चोरून तपासलं की सगळ्यांवरच संशय घेतल्यासारखं होतं.

उशिरा येणाऱ्या दोघांचं नंतर बघू. ते किती लांबून येतात आणि पेट्रोलचे पैसे त्यांना कितव्या तारखेला मिळतात, आणि त्या तिसऱ्याचं बीट कुठलं, तिथला बाजार कुठल्या वारी, एवढं आधी कळवा.