ताईने हॉस्पिटल का सोडले, हे तुम्ही विचारलेत का?

पत्र :

सप्रेम नमस्कार. माझे वय ३४. ताई माझ्याहून सहा वर्षांनी मोठी आहे. लहानपणी तिनेच मला शेरलॉक होम्सच्या कथा वाचून दाखवल्या आणि तो नाद आम्हा दोघांनाही आजवर सुटलेला नाही. आम्ही वेगवेगळ्या शहरांत राहतो, पण दर शनिवारी रात्री फोन चालू ठेवून एकाच वेळी एक भाग पाहायचा, असा आमचा नेम होता. (गेल्या वर्षी ताईने हॉस्पिटलमधली नोकरी सोडली, ती भूलतज्ज्ञ आहे, त्यामुळे तिच्याकडे हल्ली वेळही भरपूर असतो.) माझ्या मते बीबीसीची 'शेरलॉक' ही मालिका निर्विवाद श्रेष्ठ आहे. ताईला मात्र अमेरिकन होम्स-मालिका 'एलिमेंटरी' आवडते आणि तिचा पहिला सीझन ती पुन्हा पुन्हा पाहते. तीन महिन्यांपूर्वी वाद घालताना मी म्हणालो की खरा वॉटसन, म्हणजे होम्सचा डॉक्टर मित्र, युद्धावरून आलेला शूर माणूस आहे आणि तुझी ती जोन वॉटसन म्हणजे एक पेशंट दगावला म्हणून ऑपरेशन थिएटर सोडून गेलेली पळपुटी सर्जन. ताईने फोन ठेवला. तेव्हापासून शनिवार बंद आहेत. निरोप पाठवला तर 'हो', 'नाही', 'बरं' एवढीच उत्तरे येतात. एका मालिकेवरून इतके रागावणे मला पोरकटपणाचे वाटते. दोन्ही मालिकांची अभिनय, पटकथा, मूळ कथांशी इमान आणि तर्कशुद्धता या निकषांवर तुलना करणारा तीन पानी तक्ता सोबत जोडला आहे. चूक कुणाची, ते तुम्हीच सांगावे.
— एक शेरलॉकप्रेमी

उत्तर :

नमस्कार.

तुमचा तक्ता मी नीट वाचला आणि वाचून झाल्यावर बाजूला ठेवला, कारण तुम्ही विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर त्यात नाही. ते तुमच्या पत्रातल्या एका कंसात आहे. पण एवढे श्रम घेतलेच आहेत, तर तक्त्याचा निकाल आधी लावून टाकू, म्हणजे मागाहून तुम्हाला त्याच्या आड लपता येणार नाही.

'शेरलॉक' २०१० ते २०१७ या काळात आली. २०१६चा विशेष भाग धरून तिचे अवघे तेरा भाग आहेत आणि प्रत्येक भाग साधारण दीड तासाचा, म्हणजे चित्रपटाच्याच तोडीचा. पहिल्या दोन सीझनची बांधणी इतकी घट्ट आहे की व्हिक्टोरियन काळातला गुप्तहेर मोबाइलच्या जमान्यात आणताना शिवण कुठेही दिसत नाही. पुढे मात्र ही मालिका गुन्ह्यांपेक्षा आपल्या नायकाच्या हुशारीवरच अधिक भाळली. 'एलिमेंटरी' २०१२ ते २०१९ अशी सात सीझन चालली, तिचे १५४ भाग झाले आणि त्यांतले कित्येक खून दुसऱ्या दिवशी आठवतही नाहीत. तेवढे तुमचे म्हणणे मला मान्य आहे. पण माणूस हळूहळू कसा सावरतो, मध्येच कसा घसरतो आणि पुन्हा कसा उभा राहतो, हे दाखवायला ऐसपैस जागा लागते आणि ती तिने सत्कारणी लावली आहे. राहिला अभिनय. २०११ साली लंडनच्या नॅशनल थिएटरमध्ये 'फ्रँकेन्स्टाइन' या नाटकात 'शेरलॉक'मधला होम्स बेनेडिक्ट कंबरबॅच आणि 'एलिमेंटरी'मधला होम्स जॉनी ली मिलर हेच दोघे शास्त्रज्ञ आणि त्याने घडवलेला जीव या दोन भूमिका आलटून पालटून करत होते, आणि त्याबद्दलचा ऑलिव्हिए हा ब्रिटिश नाट्यपुरस्कार दोघांना विभागून देण्यात आला. त्या परीक्षकांना जिथे डावे-उजवे करता आले नाही, तिथे तुम्ही एकाला नऊ आणि दुसऱ्याला सहा गुण देऊन मोकळे झाला आहात. असो. तक्ता संपला.

आता तो कंस. ताईने वैद्यकीय काम सोडले, ही तुमच्या घरातली गेल्या वर्षातली बहुधा सर्वांत मोठी घटना असावी. तिला तुम्ही एक वाक्य दिलेत, तेही कंसात, आणि कशासाठी, तर शनिवारी तिला सवड कशी असते हे सांगण्यापुरते. भूलतज्ज्ञ काय करते, याचा विचार कधी केला आहे का? ऑपरेशन चालू असताना सर्जनचे हात एका जागी गुंतलेले असतात. त्या सगळ्या वेळात पेशंटच्या उशाशी बसून त्याचा श्वास, त्याची नाडी, त्याचा रक्तदाब ती सांभाळते, आणि ज्याला तिने झोपवले त्याला पुन्हा जागे करण्याची जबाबदारीही तिचीच असते. उमेदीची कितीतरी वर्षे घालून शिकलेले हे काम तुमच्या ताईने चाळिशीच्या आसपास थांबवले आणि त्यानंतर घरी बसून ती एका मालिकेचा एकच सीझन पुन्हा पुन्हा पाहू लागली. त्या सीझनमध्ये काय आहे, ते तुम्हाला पाठ असणार, तरी सांगते. जोन वॉटसन सर्जन होती. तिच्या हातून ऑपरेशनच्या वेळी एक रुग्ण गेला आणि तिने शस्त्रक्रिया करणे सोडले. त्यानंतर व्यसनमुक्ती केंद्रातून बाहेर पडणाऱ्या माणसांच्या सोबतीला राहण्याचे काम तिने पत्करले आणि त्याच कामासाठी ती होम्सच्या घरी आली. ठरलेले सहा आठवडे संपल्यावर पगार बंद झाला, तरी ते लपवून ती तिथेच राहिली. होम्सला ते कळले, तेव्हा त्याने तिला आपल्याबरोबर हे तपासाचे काम शिकण्याविषयी विचारले. पुढे ती स्वतःच्या बळावर गुप्तहेर झाली.

ताईने हॉस्पिटल याच कारणाने सोडले असेल का? मला ठाऊक नाही. वरिष्ठांशी पटले नसेल, रात्रपाळ्यांनी शरीर थकले असेल, आणखीही काही असेल. माझी तक्रार एवढीच आहे की ते तुम्हालाही ठाऊक नाही. वर्ष उलटले, त्यांपैकी बरेच महिने दर शनिवारी तुम्ही दोघे तासन्‌तास फोनवर होतात, आणि पडद्यावरच्या प्रेताच्या बुटांवरचा चिखल कुठला, यावर तुमचे बोलणे झाले. मग एका रात्री तुम्ही डॉक्टरकी सोडलेल्या बहिणीला ऐकवलेत की एक पेशंट गेला म्हणून काम सोडणारी बाई पळपुटी असते. ती मालिकेवरून रागावली, असे तुम्ही लिहिता. ती मालिकेवरून रागावलेली नाही.

ज्याचे नाव घेऊन तुम्ही हे बोललात, त्या 'खऱ्या' वॉटसनकडे एकदा पाहू. होम्सची १८८७ सालची पहिली कादंबरी उघडा. होम्स नंतर येतो. आधी येतो एक डॉक्टर, ज्याचे काम थांबले आहे. अफगाणिस्तानातल्या मैवंदच्या लढाईत त्याच्या खांद्याला गोळी लागली, बरा होत असताना पेशावरला विषमज्वराने त्याला पार पोखरले, आणि प्रकृती खालावली म्हणून त्याला मायदेशी परत पाठवण्यात आले. दिवसाला साडेअकरा शिलिंग मिळतात, लंडनमध्ये जिवाभावाचे कुणी नाही आणि दिवस कसेबसे ढकलायचे, अशा अवस्थेत तो आपल्याला पहिल्यांदा भेटतो. बीबीसीच्या जॉनचेही तेच: अफगाणिस्तानातून परतलेला लष्करी डॉक्टर, हातात काठी, आणि गोळी खांद्याला लागलेली असताना लंगडणारा पाय. त्याची जखम पायात नाहीच, हे पहिल्याच भागात सांगून टाकले आहे. तिसरी जोन. म्हणजे मूळ कथेतला असो, लंडनचा असो की न्यूयॉर्कची असो, वॉटसन हे पात्र सुरू होते ते थांबलेल्या डॉक्टरपासून, आणि 'एलिमेंटरी'च्या कर्त्यांनी मूळ लेखक कॉनन डॉयलशी राखलेले सर्वांत मोठे इमान मला इथेच दिसते, जरी तुमच्या तक्त्यात त्या रकान्यात तिला चार गुण असले तरी. मग मला सांगा, जॉन युद्धभूमीवरून परतला तर तो जखमी वीर आणि जोन ऑपरेशन थिएटरमधून परतली तर पळपुटी, हा हिशेब तुम्ही कोणत्या तर्काने मांडलात? जॉनची काठी दिसते म्हणून?

ताईने तेव्हाच मोकळेपणी सांगायला हवे होते, असे तुमच्या मनात येत असेल. येऊ द्या, पण तो हिशेब आज काढायचा नाही.

आता तुम्ही काय कराल, याची मला धास्ती वाटते, कारण तुम्ही होम्सचे भक्त आहात. हे उत्तर वाचून तुम्ही फोन उचलाल आणि विजयी सुरात सांगाल की, 'ताई, तुला ती मालिका का आवडते ते मला कळले!' कृपा करून असे करू नका. १८९०च्या 'द साइन ऑफ फोर'मध्ये होम्सची परीक्षा पाहावी म्हणून वॉटसन त्याच्या हाती एक खिशातले घड्याळ देतो. आतल्या बाजूला सावकाराने गहाणखतासाठी कोरलेले आकडे आणि किल्लीच्या भोकाभोवतीचे ओरखडे पाहून होम्स सांगतो की हे घड्याळ तुझ्या थोरल्या भावाचे, तो बेफिकीर होता, दारिद्र्यात गेला, दारूला लागला आणि वारला. सगळे बरोबर असते. आणि वॉटसन उठून लंगडत खोलीत येरझाऱ्या घालू लागतो, कारण आपल्या दुर्दैवी भावाची कुणीतरी मुद्दाम चौकशी केली, असे त्याला वाटते. तेव्हा होम्स त्याची माफी मागतो. हे निव्वळ कोडे समजून सोडवताना ते तुझे खाजगी दुःख असेल हे विसरलो, असे कबूल करतो. बीबीसीने हाच प्रसंग टॅक्सीत घातला आहे. घड्याळाच्या जागी मोबाइल आला, किल्लीच्या ओरखड्यांच्या जागी चार्जिंगच्या खाचेभोवतीचे ओरखडे आले, भावाच्या जागी बहीण निघाली, आणि जॉन दुखावण्याऐवजी थक्क होऊन वाहवा करतो. प्रसंग बहारीचा झाला आहे, यात वाद नाही. पण माफी गळाली ती गळालीच, आणि तुम्ही होम्स शिकलात तो या गळालेल्या आवृत्तीवरून.

वास्तविक तुमच्या लाडक्या मालिकेतही जॉन सावरतो तो या हुशारीने नव्हे. 'तुझे लंगडणे मनाचे आहे' हे शेरलॉकने अचूक ओळखल्याने त्याची काठी सुटत नाही. तू डॉक्टर आहेस ना, चांगला डॉक्टर आहेस का, असे कुणीतरी त्याला विचारते आणि बरोबर येतोस का म्हणते, तेव्हा तो धावत सुटतो आणि काठी उपाहारगृहातच विसरतो.

म्हणून एकच सांगते आणि ते याच आठवड्यात करा. फोनवर नको, निरोप पाठवून तर मुळीच नको. गाडी पकडा आणि ताईच्या घरी जा. 'पळपुटी' हा शब्द मी वापरायला नको होता, एवढे आधी म्हणा, आणि त्याला 'पण' जोडू नका. मग विचारा: 'ताई, हॉस्पिटलमध्ये काय झाले होते?' बस्स. जोन वॉटसनचे नाव ती काढेपर्यंत तुम्ही काढायचे नाही. तिने विषय बदलला तर बदलू द्या, जेवा, मुक्काम करा, आणि दुसऱ्या दिवशी तोच प्रश्न तितक्याच साधेपणाने पुन्हा विचारा. कारण अगदीच किरकोळ निघाले, तरी तुमची फेरी फुकट गेली असे समजू नका, वर्षभर न विचारलेला प्रश्न तुम्ही विचारलेला असेल. आणि ती बोलायला लागली की मध्येच 'मला वाटलेच होते' असे म्हणू नका.