वाचक विचारतात : तेच पाप, दर महिन्याला

प्रश्न : दर पहिल्या शुक्रवारी पापनिवेदन करते आणि दर वेळी तेच सांगते : मुलांवर ओरडले, सासूबाईंना उलटून बोलले. फादरांनाही पाठ झालं असेल! बायबल निर्दोष राहायला सांगतं, ते माझ्यासारखीला कधी जमणार? (एक वाचक, वसई)

उत्तर : ‘यापुढे रागावणार नाही’ हा संकल्प दुपारपर्यंतही टिकत नाही, कारण तो नेमका कशाबद्दल आहे हेच त्यात नाही. येशूसंघाचे संस्थापक संत इग्नेशियस लोयोला यांनी सोळाव्या शतकात एका वेळी एकच दोष धरायची रीत घालून दिली. तुमच्यापुरता तो दोष ‘राग’ नको. ‘शाळेच्या घाईत मुलांना टाकून बोलणं’ असा धरा.

वहीत आठवड्याच्या सात दिवसांसाठी रेषांच्या सात जोड्या आखा. सकाळी उठताच त्या एका दोषापुरता संकल्प करा आणि देवाकडे मदत मागा. दुपारी जेवणानंतर उठल्यापासूनचा एकेक तास आठवा. जितक्यांदा चुकलात तितके ठिपके पहिल्या रेषेवर द्या. रात्री जेवण झाल्यावर दुपारनंतरचे ठिपके दुसऱ्या रेषेवर. चूक घडली की त्याच क्षणी छातीवर हात ठेवायचा. चारचौघांतही ते कुणाच्या लक्षात येत नाही. मग दुपारची रेषा रात्रीच्या रेषेशी, आजचा दिवस कालच्याशी, हा आठवडा मागच्याशी ताडून पाहायचा.

पहिल्या आठवड्यात ठिपके बहुधा वाढतात. पाप वाढलेलं नसतं, लक्ष वाढलेलं असतं. पण नेमकं इथेच लोक वही बंद करतात. ठिपक्याशेजारी वेळही लिहा. सगळे ठिपके सकाळी सात ते साडेसातमध्येच पडत असतील, तर डब्याची भाजी रात्रीच चिरून ठेवा आणि अर्धा तास लवकर झोपा. यात अध्यात्म कमी पडतं असं आम्हाला वाटत नाही. रात्री चुका मोजण्याआधी दिवसभरात मिळालेल्या कृपेबद्दल आभार माना. इग्नेशियस यांच्या रोजच्या आत्मपरीक्षणात पहिली पायरी तीच आहे. ती गाळली की उरते नुसती जमाखर्चाची वही.

आता निर्दोष असण्याबद्दल. बायबलमध्ये लूक १:६ मध्ये जखऱ्या आणि अलीशिबा या नवरा-बायकोला निर्दोष म्हटलं आहे. त्याच अध्यायात पुढे जखऱ्या ‘तुला मुलगा होईल’ या देवदूताच्या शब्दावर विश्वास ठेवत नाही आणि मुलाचं नाव ठेवेपर्यंत मुका होतो. लूकने आधीचं वाक्य खोडलेलं नाही. ख्रिस्ती परिपूर्णतेचा आग्रह धरणारे, मेथडिस्ट पंथाचे संस्थापक जॉन वेस्लीही सांगत की अज्ञान, गैरसमज आणि स्वभावाचा दुबळेपणा माणसाला शेवटपर्यंत सुटत नाही. तेव्हा कधीच न चुकणं ही कसोटी लावू नका. चूक झाल्यावर सासूबाईंकडे जायला तुम्हाला किती वेळ लागतो, ते पाहा.

प्रश्न : मिस्साच्या (चर्चमधल्या मुख्य उपासनेच्या) वेळीही मनात घाणेरडे विचार येतात. प्रत्येक विचार पापनिवेदनात सांगायचा का? (एक वाचक, पुणे)

उत्तर : नाही. विचार येणं हा मोह. मोह येशूलाही झाला (इब्री ४:१५). गंभीर पापाला तीन गोष्टी एकत्र लागतात : बाब गंभीर, पूर्ण जाणीव आणि मनापासून संमती. नको असलेल्या विचाराशी झटापट करू नका, लक्ष मिस्सातल्या बायबल वाचनाकडे वळवा. सांगून झालेलंच पाप पुन्हा पुन्हा सांगावंसं वाटत असेल, तर एकच धर्मगुरू धरा आणि ते ‘पुरे’ म्हणतील तिथे थांबा. स्पेनमधल्या मनरेसा गावी असताना खुद्द इग्नेशियस यांनाही या शंकाखोरपणाने बेजार केलं होतं.

प्रश्न : तरुणपणी मालकाच्या गल्ल्यातून पाच हजार रुपये उचलले. पापनिवेदन केलं आहे, मालक वारले. आता विषय संपला ना? (एक वाचक, नालासोपारा)

उत्तर : नाही. क्षमा मिळाली तरी देणं फिटत नाही. लेवीय ६:१–५ मध्ये मूळ रक्कम आणि वर तिचा पाचवा हिस्सा असा हिशेब आहे, म्हणजे तुमच्या बाबतीत सहा हजार. येशूला भेटलेल्या जक्कय या जकातदाराने तर स्वखुशीने चौपट कबूल केलं. आज वरचा पाचवा हिस्सा बंधनकारक नाही, मूळ रक्कम मात्र टाळता येत नाही. पैसे मालकाच्या वारसांना द्या. वारसच सापडत नसतील तर गरिबांना. वारस हयात असताना चर्चच्या दानपेटीत टाकलेले पैसे इथे धरता येत नाहीत. ते दुसऱ्याच्या पैशांतून केलेलं दान झालं. नाव उघड करायची सक्ती नाही. लिफाफा फादरांमार्फत पोचवता येतो, आणि पापनिवेदनात ऐकलेलं ते कुणालाही सांगू शकत नाहीत. एकरकमी जमत नसेल तर हप्त्याने द्या, पण पहिला हप्ता याच महिन्यात.