बियाणे चकचकीत, मग उगवण विरळ का?

पेरणी तोंडावर आली की शेतकऱ्यांचे तीन प्रश्न हमखास येतात. सोयाबीनचे बियाणे दिसायला उत्तम असूनही उगवण विरळ का होते? भुंग्याने भोक पाडलेला हरभरा पेरावा का? आणि पाखरांनी रोप खुडले तर हरभरा पुन्हा फुटतो, मग सोयाबीन का मरते? तिन्हींची उत्तरे दाण्याच्या आतच आहेत, म्हणून आधी दाणा उघडून पाहा.

सोयाबीनचे चार दाणे रात्रभर भिजवा आणि सकाळी एकाचे टरफल नखाने सोला. दोन डाळिंब्या सुट्या होतील. त्यांच्या सांध्यापाशी, टरफलावर डोळ्यासारखा डाग असतो त्याच्या शेजारी, एक बाकदार कोंब दिसेल. उद्याचे रोप म्हणजे तेवढाच भाग. त्याचे बाहेरचे टोक हे आदिमूळ, त्याचे मूळ होते. दुसऱ्या टोकाला डाळिंब्यांच्या मधे इवलीशी पाने मिटलेली असतात. डाळिंब्या, म्हणजे बीजपत्रे, ही रोपाची शिदोरी. स्वतःची हिरवी पाने कामाला लागेपर्यंत रोप त्यांच्यावरच जगते.

आता बोट फिरवून पाहा. आदिमूळ टरफलाच्या अगदी लगत आहे आणि टरफल कागदासारखे पातळ. मळणी यंत्राचे फेरे जास्त ठेवले किंवा पोती आपटली की मार थेट तिथे बसतो. दाणा वरून अखंड दिसतो, पण मूळ आत मोडलेले असते. शिवाय टरफल तडकले असेल तर पाणी एकदम आत घुसते, पेशी फुटतात, त्यांतली साखर मातीत झिरपते आणि बुरशीला आयते खाद्य मिळते. म्हणून पेरायचे सोयाबीन भिजवू नका. वर सांगितलेले भिजवणे फक्त पाहण्यापुरते.

मक्याची रचना वेगळी. त्यात बीजपत्र एकच असते आणि पिठाचा मोठा साठा बीजपत्रात नसून भ्रूणपोषात, म्हणजे कोंबालगतच्या वेगळ्या पिठूळ भागात असतो. कोंब दाण्याच्या निमुळत्या बाजूला, पांढरट भागात बसलेला असतो. मळणीचा मार मका सोयाबीनपेक्षा बराच सोसतो.

भोक पडलेल्या हरभऱ्यात भुंग्याच्या अळीने बहुधा डाळिंबी खाल्लेली असते. कोंब वाचला असेल तर दाणा उगवतोही, पण शिदोरी अर्धी म्हणून रोप रोगट निघते. असे बियाणे पेरू नये. सोललेली डाळ तर पेरायचा विचारच नको, दाणा दुभंगताना कोंब तुटतो.

तिसरा प्रश्न मला फार महत्त्वाचा वाटतो. सोयाबीनची मान, म्हणजे डाळिंब्यांखालचा देठ, वाकून डाळिंब्यांना जमिनीवर ओढून आणते. त्यामुळे पेरणी तीन-चार सेंटीमीटरपेक्षा खोल गेली किंवा वर मातीची कडक पापडी धरली, तर मान मोडते. डाळिंब्यांच्या खाली एकही डोळा, म्हणजे नवा फुटवा येण्याची जागा, नसते. तिथून रोप खुडले की संपले. हरभऱ्याच्या डाळिंब्या मातीतच राहतात आणि त्यांच्या बगलेतले डोळे सुरक्षित असतात, म्हणून नवा फुटवा येतो.

पेरणीपूर्वी पोत्याच्या वर, मधे, तळाशी हात घालून मिळून 100 दाणे घ्या. ओल्या गोणपाटावर दहा-दहाच्या ओळीत मांडून गुंडाळी करा, ओल टिकवा आणि आठव्या दिवशी उघडा. मूळ आणि कोंब दोन्ही धडधाकट असतील तेवढेच दाणे मोजा. नुसते फुगलेले किंवा मूळ खुंटलेले धरू नका. उगवण थोडी कमी भरली तर त्या प्रमाणात बियाणे वाढवा. खुंटलेली मुळेच जास्त दिसली, तर ते पोते पेरणीतून बाजूला काढा.